शहाण्णव गुंजांचा तराजू

१. लस नऊ महिने का थांबते?

कंधार तालुक्यातलं गाव घ्या किंवा देवणी तालुक्यातलं; लसीकरणाच्या दिवशी तान्हं बाळ मांडीवर घेऊन बसलेली आई नर्सबाईंना एक प्रश्न हमखास विचारते. जन्मल्याबरोबर बीसीजी दिली, पोलिओचे थेंब दिले, दीड महिन्यापासून मांडीत सुया टोचल्या. मग गोवराची लस तेवढी नऊ महिने भरेपर्यंत का नाही? गोवर एवढा वाईट आजार, तर थांबायचं कशाला?

नर्सबाई कामाच्या गडबडीत एका वाक्यात सांगतात, "आईची ताकद आहे अजून लेकरात, ती उतरल्यावर देऊ." हे उत्तर अगदी बरोबर आहे. आईने लहानपणी गोवर काढलेला असतो किंवा त्याची लस घेतलेली असते. तेव्हापासून तिच्या रक्तात गोवराचा विषाणू ओळखून त्याला चिकटणारी प्रथिनं फिरत असतात. त्यांना प्रतिपिंडं म्हणायचं; डॉक्टर अँटिबॉडी म्हणतात. गरोदरपणात ती बाळाच्या रक्तात उतरतात. गोवराची लस म्हणजे दुबळे केलेले जिवंत विषाणू. बाळाच्या अंगात आईची प्रतिपिंडं भरपूर असताना लस दिली, तर ती या दुबळ्या विषाणूंनाच निकामी करतात आणि बाळाचं शरीर काहीच शिकत नाही.

ही उसनी ताकद घटते कशी, याचा हिशेब सोपा आहे. सोयीसाठी धरू की ती दर महिन्याला निम्मी होते. जन्माच्या वेळी ५१२ भाग होती, तर महिन्याने २५६, दोन महिन्यांनी १२८. असं करत नऊ महिन्यांनी उरतो १ भाग. तेवढी थोडी उरली की लशीला वाव मिळतो. त्याहून जास्त थांबलो तर बाळ उघडं पडतं. म्हणून नववा महिना.

पण मग पुढचे प्रश्न येतात. आईच्या रक्तातलं प्रथिन बाळाच्या रक्तात जातं कसं? दोघांची रक्तं तर एकमेकांत मिसळत नाहीत. कोणी तरी ते उचलून पलीकडे ठेवत असणार. तो उचलणारा कोण? आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या उचलणाऱ्याला प्रयोगशाळेत मोजतात कसं? हे प्रकरण त्या उचलणाऱ्याचं आहे आणि त्याला मोजणाऱ्या तराजूचंही.

२. गुंज, एरंड आणि बदललेली दाई

या गोष्टीतला पहिला मोठा प्रयोग ज्या दोन बियांवर झाला, त्या मराठवाड्यातल्या माणसाला बांधावरच सापडतात. एक एरंड, दुसरी गुंज. लालभडक, डोक्यावर काळा ठिपका असलेली गुंज सोनारांनी पिढ्यान्‌पिढ्या वजन म्हणून वापरली. ८ गुंजांचा एक मासा, १२ माशांचा एक तोळा. म्हणजे एका तोळ्यात ९६ गुंजा. हा ९६ चा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे परत भेटणार आहे.

गुंज दिसायला गोड, पण चावून पोटात गेली तर जीवघेणी. तिच्यातल्या विषाचं नाव अॅब्रिन. एरंडाच्या बीमधलं विष म्हणजे रिसिन. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी ही विषं उंदरांना आधी अगदी किंचित, मग हळूहळू वाढवत दिली. काही आठवड्यांनी ते उंदीर एरवी मरण यावं एवढं विषही पचवू लागले. मग त्यांनी पाहिलं की अशा उंदरिणीची पिल्लंही त्या विषाला दाद देत नाहीत. बाप तसा असून उपयोग नव्हता, आईच तशी असावी लागे.

हे रक्तातून आलं की दुधातून? एर्लिखनी पिल्लांची अदलाबदल केली. साध्या उंदरिणीची पिल्लं विष पचवणाऱ्या उंदरिणीच्या अंगावर लावली, आणि दाईच्या दुधाने त्या पिल्लांनाही संरक्षण मिळालं. हे सगळं १८९२ मध्ये छापून आलं. प्रतिपिंड कसं दिसतं, हे तेव्हा जगात कोणालाच माहीत नव्हतं. नुसती पिल्लांची अदलाबदल करून एवढं सिद्ध करणं, ही मला विज्ञानातल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटते.

३. पपईच्या चिकाने कापलेली शेपटी

प्रतिपिंडाचा आकार कळायला पुढे साठ-सत्तर वर्षं लागली, आणि तिथेही आपल्या परसातलंच झाड कामी आलं. कच्च्या पपईला चीर दिली की पांढरा चीक गळतो. तो लावला की निबर मटण लवकर शिजतं, हे स्वयंपाकघराला ठाऊक आहे. या चिकातलं पपेन प्रथिनं कापतं. ब्रिटनमध्ये रॉडनी पोर्टर यांनी हेच पपेन प्रतिपिंडांवर सोडलं. प्रत्येक प्रतिपिंडाचे तीन तुकडे झाले, आणि हे काम १९५९ मध्ये प्रसिद्ध झालं. दोन तुकडे सारखे होते आणि ते जंतूला चिकटत होते. तिसरा कशालाच चिकटत नव्हता, पण थंडीत त्याचे स्फटिक होत होते. अमेरिकेत जेराल्ड एडलमन यांनी वेगळ्या मार्गाने त्याच रेणूची जडणघडण उलगडली. दोघांना १९७२ चं नोबेल मिळालं.

डोळ्यांपुढे असं चित्र आणा: बैल आवरायची दुबेळकी काठी. वरची दोन टोकं जंतू पकडतात. खालचा दांडा म्हणजे पोर्टरना मिळालेला तिसरा तुकडा. त्याला शास्त्रज्ञ एफसी म्हणतात. आपण शेपटी म्हणू. टोकं प्रत्येक प्रतिपिंडाची वेगळी असतात. गोवराचं वेगळं, धनुर्वाताचं वेगळं. शेपटी मात्र एका जातीच्या सगळ्या प्रतिपिंडांची जवळपास सारखी.

जिला जंतू धरता येत नाही, त्या शेपटीचा उपयोग काय? ती शरीराने धरायची मूठ आहे. आपल्या पेशींवर ही शेपटी ओळखून पकडणारी प्रथिनं असतात. अशा पकडणाऱ्या प्रथिनाला ग्राही म्हणतात. एखाद्या पांढऱ्या पेशीला शेपट्यांनी वेढलेला जंतू दिसला की ती आपल्या ग्राहींनी शेपट्या धरते आणि जंतू गिळून टाकते.

कधी हीच सोय उलटते. डेंगीच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा ताप येऊन गेला आणि नंतर दुसऱ्या प्रकाराने गाठलं, तर जुनी प्रतिपिंडं नव्या विषाणूला धरतात, पण पुरतं निकामी करू शकत नाहीत. पांढरी पेशी नेहमीप्रमाणे शेपटी धरून त्याला आत घेते, आणि त्या विषाणूला तर पेशीच्या आतच जायचं असतं. दुसऱ्या वेळचा डेंगी जास्त घातक ठरू शकतो, त्याचं एक मोठं कारण हे मानलं जातं. पावसाळ्यानंतर घरात कोणाला पुन्हा डेंगीची शंका आली, तर "मागे होऊन गेलाय, काही होत नाही" असं म्हणून घरी बसू नका.

४. होडीवाला

आता आईच्या रक्ताकडून बाळाकडे नेणारा ग्राही. त्याचं असणं आधी तर्काने ओळखलं गेलं. वेल्समधल्या बँगोर इथे फ्रान्सिस ब्रॅम्बेल सशांवर काम करत होते. पिल्लापर्यंत सगळी प्रथिनं जात नाहीत, निवडून प्रतिपिंडंच जातात, हे त्यांच्या लक्षात आलं. निवड आहे म्हणजे निवडणारा आहे, असं त्यांनी १९५८ मध्ये मांडलं. पुढे त्यांनी आणखी धाडसाची गोष्ट सांगितली: मोठ्या माणसाच्या रक्तात प्रतिपिंडं जास्त दिवस टिकतात तीही अशाच ग्राहीमुळे. प्रत्यक्ष पुरावा हाती यायला बराच काळ गेला. १९८९ मध्ये नील सिमिस्टर आणि कीथ मोस्टोव्ह यांनी उंदराच्या या ग्राहीचं जनुक वेगळं केलं. त्याचं नाव एफसीआरएन. नावातला शेवटचा भाग नवजात बाळावरून आला आहे. पण हा ग्राही आपल्या शरीरात जन्मभर काम करत असतो.

त्याची कामाची रीत समजायला नांदेडच्या गोदाकाठावर चला. या काठावर गर्दी आहे, होडीवाला एक. पेशीची रीत अशी की ती आजूबाजूच्या रक्तद्रवाचा घोट घेते आणि तो घोट एका छोट्या पिशवीत बंद करते. पिशवी हळूहळू आंबट होत जाते. किती आंबट? आंबटपणाच्या मापावर रक्त ७.४ वर असतं, ताजं दूध साधारण ६.६ वर, आणि ही पिशवी ६ च्या जवळ जाते. मापाचा आकडा जितका खाली, तितका आंबटपणा जास्त. म्हणजे दुधाहून थोडी आंबट, ताकाइतकी नव्हे. एवढ्या फरकाने होडीवाल्याची मूठ आवळते. तो प्रतिपिंडाची शेपटी पकडतो. ज्यांना पकडलं नाही ती प्रथिनं पुढे पेशीच्या भट्टीत जाऊन मोडली जातात. पकडलेली परत काठाला येतात, रक्ताचा ७.४ चा स्पर्श झाला की मूठ सैल पडते आणि प्रवासी उतरतो.

होडी त्याच काठाला परतली तर प्रतिपिंडाचा जीव वाचला. म्हणूनच आयजीजी जातीचं प्रतिपिंड सुमारे २१ दिवसांनी निम्मं होतं, तर ज्यांना हा होडीवाला धरत नाही त्या आयजीए आणि आयजीएम जातीची पाच-सहा दिवसांतच निम्मी होतात. आणि होडी पलीकडच्या काठाला लागली तर प्रतिपिंड बाळाकडे पोचलं. माणसाच्या वारेत नेमकं हेच होतं. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास ही ने-आण सुरू होते आणि शेवटच्या महिन्यात सर्वांत जोरात चालते. दिवस भरून जन्मलेल्या बाळाच्या रक्तात आयजीजी आईइतकी, कधी आईपेक्षा जास्तही असते. दिवस न भरता आलेलं बाळ याच शेवटच्या फेऱ्यांना मुकतं. त्याला जंतूंपासून इतकं का जपायचं, ते यावरून कळेल.

गरोदर बाईला धनुर्वाताची सुई देतात ती याच होडीवाल्याच्या भरवशावर. सुई आईच्या दंडात, संरक्षण बाळाच्या नाळेला. नवजात बाळांचा धनुर्वात एके काळी घरोघरचं दुःख होतं. तो देशातून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हटल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. स्वच्छ बाळंतपणाइतकंच त्याचं श्रेय या सुईला आहे.

५. देवणीच्या वासराची वाट वेगळी

हे झालं माणसाचं. गाईची गोष्ट निराळी, आणि ती आपल्या भागात सांगायलाच हवी. लातूर जिल्ह्यातल्या देवणीने एका गोवंशाला नाव दिलं, नांदेड जिल्ह्यातल्या कंधारने लाल कंधारीला. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत या जनावरांचा रुबाब पाहिलेला माणूस तो विसरत नाही.

गाईच्या जारेची रचना अशी आहे की तिच्यातून प्रतिपिंडं वासराकडे जात नाहीत. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात आईचं संरक्षण जवळपास नसतंच. सगळी शिदोरी चिकात असते. पहिल्या धारेचा तो घट्ट पिवळसर चीक म्हणजे प्रतिपिंडांचं भांडार. वासराचं आतडं जन्मल्यानंतर काही तास अख्खी प्रतिपिंडं रक्तात जाऊ देतं. हे दार तासातासाला मिटत जातं आणि सुमारे २४ तासांत बंद होतं. त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी तो नुसतं अन्न ठरतो. गाय व्यायली की खरवसाची वाट बघणारं घर मोठं असतं. पण पहिल्या एक-दोन तासांतला चीक वासराचाच. तो त्याच्या पोटात गेला की मग खरवस.

आणि बाईच्या पहिल्या दुधाचं काय? बाळाला रक्तातली प्रतिपिंडं वारेतून आधीच मिळालेली असतात, म्हणून पहिलं दूध पिळून टाकावं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. त्या दुधात आयजीए जातीची प्रतिपिंडं भरपूर असतात. ती रक्तात जात नाहीत. बाळाच्या आतड्याला आतून लेप दिल्यासारखी बसतात आणि जुलाबाच्या जंतूंना तिथेच अडवतात.

६. आप्पेपात्रासारखी ताटली

आता मोजण्याकडे येऊ. एवढ्याशा प्रथिनाला मोजायचं कसं, आणि तेही इतर हजारो प्रथिनांच्या गर्दीत? एक मिलिलिटर रक्तद्रवात साधारण १० मिलिग्रॅम आयजीजी असते. ज्या ग्राहीला शोधायचं आहे तो समजा १० नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा दहा लाखावा भाग. दहा लाख तुरीच्या दाण्यांत एक हरभरा शोधून काढण्यासारखं हे काम आहे.

यावर तोडगा निघाला तो प्रतिपिंडांच्याच गुणातून. ती ज्याला ओळखतात त्यालाच चिकटतात, मग त्यांनाच हुडकायला लावायचं. अमेरिकेत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी खूण लावून ही पद्धत बसवली. यॅलोंना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. बर्सन तेव्हा हयात नव्हते. पण किरणोत्सारी पदार्थ प्रत्येक जिल्ह्याच्या दवाखान्यात कसे ठेवणार? १९७१ मध्ये स्वीडनमध्ये इव्हा एंग्वाल आणि पीटर पर्लमान यांनी, आणि त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये बाउके वान वीमेन आणि अँटन स्कर्स यांनी स्वतंत्रपणे, किरणांच्या जागी रंग आणला. ही पद्धत म्हणजे एलायझा. डेंगीच्या रिपोर्टवर हा शब्द तुम्ही वाचला असेल.

एलायझाची ताटली छोट्या आप्पेपात्रासारखी असते. तळहाताएवढं पारदर्शक प्लॅस्टिक, त्यात ८ आडव्या ओळी, १२ उभ्या. ९६ खळगे. एका तोळ्याच्या गुंजा! हा योगायोगच, पण मला तो फार आवडतो, कारण दोन्हीकडचं काम वजन-तुलनेचंच आहे.

ग्राही मोजायच्या संचात प्रत्येक खळग्याच्या तळाला तो ग्राही ओळखणारी प्रतिपिंडं आधीच चिकटवलेली असतात. पुढचं काम कुसळाच्या रानातून चालण्यासारखं आहे. नमुना खळग्यात घातला की हवा तो ग्राही धोतराला कुसळ चिकटावं तसा तळाला अडकतो. बाकी सगळं धुऊन टाकायचं. मग दुसरं प्रतिपिंड घालायचं, जे त्याच ग्राहीला दुसऱ्या बाजूने धरतं. ग्राही दोघांच्या मध्ये, जणू दोन भाकरींमध्ये पिठलं. या दुसऱ्या प्रतिपिंडाच्या अंगावर एक विकर बांधलेलं असतं. विकर म्हणजे रासायनिक बदल झपाट्याने घडवणारं प्रथिन. इथे वापरतात ते मोहरी-मुळ्याच्या कुळातल्या एका युरोपी वनस्पतीच्या मुळातून काढतात. परत धुवायचं. शेवटी रंगहीन द्रव घालायचा. विकर त्याला निळा करतं. ठरल्या वेळी आम्ल टाकलं की क्रिया थांबते आणि निळ्याचा पिवळा होतो. जितका ग्राही जास्त, तितका पिवळा गडद. एकेक विकर हजारो रेणूंना रंगवतं, म्हणून अदृश्य गोष्ट डोळ्यांना दिसू लागते.

यातलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत महत्त्वाचं काम धुण्याचं. प्रत्येक खळग्यात ०.३ मिलिलिटर पाणी, पाच वेळा, असे तीन फेरे. ९६ खळग्यांचे मिळून सुमारे ४३२ मिलिलिटर, म्हणजे अर्धा लिटरही नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरला हे पाणी काही फार नाही; पण ते ऊर्ध्वपातित, क्षारमुक्त लागतं. बोअरचं जड पाणी इथे चालत नाही. दुसरी अडचण उन्हाळ्याची. संचाच्या माहितीपत्रकात "खोलीचं तापमान" लिहिलेलं असतं तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनात २० ते २५ अंशांची खोली असते. मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जाणाऱ्या गावात ती खोली तयार करावी लागते, आणि संच येतानाही वाटभर २ ते ८ अंशांत ठेवावा लागतो.

७. आकडा येतो कुठून?

रंग गडद झाला. पण रंग म्हणजे आकडा नव्हे. सोनाराने दागिना हातात तोलून "जड आहे" म्हटलं तर कोणी पैसे देत नाही. दुसऱ्या पारड्यात गुंजा टाकाव्या लागतात. एलायझातल्या गुंजा म्हणजे प्रमाण द्रावणं. संचात शुद्ध ग्राहीची एक कुपी असते. तिच्यापासून अर्धा-अर्धा करत सात पायऱ्या करतात: ८, ४, २, १, ०.५, ०.२५, ०.१२५ नॅनोग्रॅम. आठवं नुसतं पाणीदार द्रावण, शून्याचं.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. यंत्राने २ नॅनोग्रॅमच्या खळग्याचा रंग ०.५ वाचला, ४ च्या खळग्याचा ०.९. रुग्णाच्या नमुन्याचा आला ०.७. म्हणजे तो दोहोंच्या अधेमधे, सुमारे ३. पण नमुना घालण्याआधी दहापट पातळ केला होता. म्हणून खरं उत्तर ३ × १० = ३० नॅनोग्रॅम. पातळ केल्याचं विसरलं तर रिपोर्ट दहापट चुकतो. आणि ज्या संचात दोन्ही प्रतिपिंडं मधे न धुता एकदमच घालतात, तिथे नमुना फार दाट असला तर कधी उलटच होतं: ग्राही इतके होतात की दोन्ही प्रतिपिंडं वेगवेगळ्या ग्राहींवर अडकतात, पिठलं मधे सापडत नाही आणि रंग फिका येतो. म्हणून जाणकार तंत्रज्ञ शंका आली की नमुना आणखी पातळ करून पुन्हा लावतो.

खळग्यांचा हिशेबही मांडून पाहा. आठ प्रमाणं, चूक पकडायला प्रत्येक दोनदा, म्हणजे १६ खळगे गेले. उरले ८०. नमुनाही दोनदा लावायचा, म्हणजे पूर्ण ताटलीत ४० माणसांचे नमुने बसतात. चार नमुने आले म्हणून ताटली लावली तरी प्रमाणांचे १६ खळगे खर्च होतातच. तपासणी ठरावीक वारी करण्यामागे आणि रिपोर्ट उद्यावर जाण्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. तिथे आळस शोधू नका.

८. मोजणाऱ्याचीच शेपटी धरणारा

इथपर्यंतचं सगळं इन्सुलिन, डेंगी अशा कशालाही लागू आहे. पण प्रतिपिंडाचा ग्राही मोजताना एक अडचण येते, जी दुसरं काही मोजताना सहसा येत नाही. आपण त्याला पकडायला पाठवतो प्रतिपिंडं, आणि त्याचा तर धंदाच प्रतिपिंडाची शेपटी धरण्याचा! पकडणाऱ्याच्या टोकांत तो सापडायला हवा. त्याऐवजी तोच पकडणाऱ्याची शेपटी धरून बसतो. शिवाय रुग्णाच्या नमुन्यात त्याचे हक्काचे प्रवासी, म्हणजे माणसाची आयजीजी, दहा लाख पटींनी आहेतच. अशा खळग्यात आलेला रंग खरा किती आणि शेपटीच्या ओढाताणीचा किती, हे सांगता येत नाही.

यावरचे उपाय मागच्या भागांची उजळणी केल्यासारखे आहेत. एक, प्रतिपिंडाची शेपटी कापून टाकायची, म्हणजे पोर्टरचीच युक्ती. दोन, आपला होडीवाला आंबट पाण्यातच मूठ आवळतो, म्हणून सगळं काम ७.४ च्या आसपास करायचं. तीन, ज्याची शेपटी तो ओळखत नाही असा प्राणी निवडायचा. माणसाचा एफसीआरएन सशाच्या प्रतिपिंडाची शेपटी चांगली धरतो, उंदराची मात्र जेमतेमच ओळखतो. कोंबडीच्या अंड्यातल्या बलकात मिळणारी प्रतिपिंडं तर आणखी वेगळ्या घडणीची असतात, त्यामुळे पांढऱ्या पेशींवरचे ग्राही मोजताना ती उपयोगी पडतात. संच विकत घेणाऱ्या संशोधक विद्यार्थ्याने माहितीपत्रकात पहिल्यांदा हेच वाचावं: पकडणारं प्रतिपिंड कोणत्या प्राण्याचं, शेपटीसकट की शेपटीविना. किंमत नंतर बघावी.

९. नांदेडचे चारशे जण

संच चांगला असूनही त्याच्या उत्तराला किती मान द्यायचा, हे नांदेड जिल्ह्याच्या एका खऱ्या उदाहरणाने पाहू. मे २०२० मध्ये टाळेबंदी चालू असताना भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर पाहणी केली: किती लोकांच्या रक्तात करोनाची प्रतिपिंडं तयार झाली आहेत? महाराष्ट्रातून सहा जिल्हे निवडले होते: नांदेड, परभणी, बीड, जळगाव, अहमदनगर आणि सांगली. प्रत्येक जिल्ह्यात १० गावं किंवा वॉर्ड, प्रत्येक ठिकाणी ४० माणसं, म्हणजे जिल्ह्यात ४००. संच होता पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तयार केलेला "कोविड कवच" एलायझा. एका वेळी ९० नमुने, अडीच तासांत.

या संचाची परीक्षा आधीच झाली होती. खरंच प्रतिपिंडं असलेल्या १०० जणांपैकी तो सुमारे ९२ जणांना पकडत होता. नसलेल्या १०० पैकी सुमारे ९८ जणांना बरोबर "नाही" म्हणत होता. नेमका आकडा ९७.९ टक्के. म्हणजे नसताना "आहे" म्हणण्याची चूक २.१ टक्के.

आता ४०० जणांचा हिशेब. देशभरात या फेरीत प्रमाण निघालं ०.७३ टक्के. तेवढंच धरलं तर ४०० मध्ये खरे ३ जण. आणि उरलेल्या ३९७ मध्ये संचाच्या चुकीने "आहे" ठरणारे? २.१ टक्के म्हणजे ८ जण. खरे तीन, खोटे आठ! संच वाईट नव्हता. आजारच तेव्हा एवढा विरळ होता. म्हणून पाहणी करणाऱ्यांनी पहिल्या संचात "आहे" आलेले नमुने दुसऱ्या, वेगळ्या बनावटीच्या एलायझाने पुन्हा तपासले आणि दोन्हीकडे "आहे" आलं तरच धरलं. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये देशाचं प्रमाण ६.६ टक्के झालं. तेव्हा हाच संच वापरला असता तर ४०० मध्ये खरे सुमारे २६ आणि खोटे तेच आठ. संच तोच, चूक तीच, पण "आहे" या शब्दाचं वजन कितीतरी वाढलं असतं.

ही गोष्ट घरच्या रिपोर्टलाही लागू पडते. ताप नाही, अंगदुखी नाही, उगाच "सगळ्या टेस्ट" करून घेतल्या आणि एखादी पॉझिटिव्ह आली, तर ती चुकीची असण्याची शक्यता बरीच असते. पावसाळा संपताना, गल्लीत डेंगी असताना, पाच दिवस ताप असलेल्या माणसाची तीच टेस्ट पॉझिटिव्ह आली तर तिच्यावर भरवसा ठेवावा.

१०. ग्राही मोजायचा संच कोणासाठी?

आता परत आपल्या होडीवाल्याकडे. एफसीआरएनवर आज जगभर औषधं बेततात. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात शरीराची प्रतिपिंडं स्वतःच्याच स्नायूंवर उलटतात. त्यावर होडीवाल्याचा हात अडवून धरणारं औषध डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं: होडी मिळाली नाही की घातक प्रतिपिंडं भट्टीत जातात. उलट, लहान बाळांच्या श्वसनरोगावरच्या एका इंजेक्शनात प्रतिपिंडाची शेपटी मुद्दाम बदलून होडीवाल्याला घट्ट धरता येईल अशी केली आहे, म्हणून एक सुई पूर्ण हंगाम पुरते. असं काम करणाऱ्या प्रयोगशाळांना, वारेच्या अभ्यासकांना, विष्णुपुरीच्या विद्यापीठात किंवा उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकणाऱ्या जिज्ञासू विद्यार्थ्याला या ग्राहीचं माप घेता येणं मोलाचं आहे.

तुमच्या-आमच्या रक्ततपासणीसाठी मात्र हा संच नाही. एफसीआरएन हा पेशीत राहून काम करणारा ग्राही आहे. पेशींच्या किंवा वारेच्या नमुन्यात त्याला मोजण्याला अर्थ आहे. दंडातून काढलेल्या रक्तातला त्याचा आकडा तुमची प्रतिकारशक्ती सांगत नाही. शिवाय प्रत्येक कंपनीच्या कुपीतल्या गुंजा वेगळ्या, त्यामुळे एकाच नमुन्याला दोन संच दोन आकडे देऊ शकतात. या संचांवर "केवळ संशोधनासाठी" असं छापलेलं असतं, ते अक्षरशः खरं माना. उद्या कोणी आकर्षक पाकिटातून "इम्युनिटी टेस्ट" म्हणून असा आकडा विकायला आलं, तर पैसे देऊ नका. तेच पैसे गरोदर सुनेच्या तपासण्यांवर आणि खाण्यावर खर्च करा, तिची धनुर्वाताची सुई वेळेवर घ्या, बाळाला नऊ महिने भरताच गोवराची लस द्या. आणि गोठ्यात देवणी व्यायली, तर पहिल्या दोन तासांत वासराला चीक पाजा.